लहान मूल, संसार आणि दीर्घकथा: लिहिण्याचा वेळ कोणाकडे मागायचा?

कृष्णाकाठ:
नमस्कार. मी कथा लिहिते आणि त्यांपैकी काही दिवाळी अंकांत प्रसिद्ध झाल्या आहेत. लग्नानंतर लेखनाचा वेग मंदावला, तरी ते थांबले नव्हते. मुलगी झाल्यापासून मात्र एकही कथा पूर्ण झालेली नाही. यंदा एका संपादकांनी दीर्घकथा मागितली आहे आणि ती जुलैअखेर हातात हवी आहे. विषय मनात पक्का आहे, सुरुवातीची काही पानेही झाली आहेत.

घरात कोणाचा विरोध नाही, आणि म्हणूनच अडचण नेमकी सांगणे कठीण जाते. पती म्हणतात, "तुला हवे तेव्हा लिही, कोणी अडवले आहे?" सासूबाई मायेने म्हणतात, "बाळ झोपले की तूही जरा पाठ टेक." मुलगी आता चालू लागली आहे आणि दुपारी जेमतेम तासभर झोपते. तिच्या कपड्यांच्या घड्या घालून, संध्याकाळच्या खिमटीचे डाळ-तांदूळ धुऊन मी वही उघडते, मागचे पान वाचून होते आणि ती उठते. रात्री वहीतले अर्धे राहिलेले वाक्य पाहते, तेव्हा ते कोणत्या पात्राच्या तोंडी घालायचे होते हेही आठवत नाही. जाऊबाई नोकरीला जातात, त्यांच्या वेळा सगळे घर सांभाळते. माझ्या कथेला वर्षातून कधीतरी थोडे मानधन येते, त्यामुळे तसाच वेळ मागायला माझी जीभ रेटत नाही.

ज्यांनी मूल लहान असताना लेखन केले, त्यांनी हा वेळ कोणाकडे आणि कसा मागितला? की यंदा संपादकांना नकार कळवावा?

बेळगावकरीण:
ताई, नकार इतक्यात कळवू नका. माझी मुले लहान होती तेव्हा मी शाळेत शिकवत होते आणि लिहीतही होते, त्या अनुभवावरून एक गोष्ट खात्रीने सांगते: बाळाच्या झोपेवर लेखनाची भिस्त ठेवू नये. झोपेचा तास हा कोणीच दिलेला नसतो, म्हणून तो मोडला तरी कोणाला त्याचे काही वाटत नाही. पतींना आणि सासूबाईंना समोर बसवून ठरावीक वार, ठरावीक वेळ आणि त्या वेळी मुलीची जबाबदारी कोणाची, एवढे ठरवून घ्या. "मला मदत करा" असे म्हटले की वेळ मिळेल तशी मदत होते. "मंगळवारी सकाळी मुलगी तुमच्याकडे" असे म्हटले की तो शब्द पाळावा लागतो.

आमच्या गावच्या इंदिरा संत यांचे उदाहरण मला नेहमी आठवते. पतीबरोबरचा त्यांचा 'सहवास' हा संग्रह 1940 मध्ये आला. 1946 मध्ये पती गेले, तेव्हा मुले लहान होती. नोकरी आणि संसार एकटीने ओढत त्यांनी कविता लिहिल्या आणि 1951 मध्ये 'शेला' प्रसिद्ध झाला. कविता काम करता करता मनात घोळवता येते, काही काळ तशीच सांभाळता येते. दीर्घकथेचे तसे नाही. तिला सलग बैठक लागते, म्हणून तुमची मागणी अवाजवी मुळीच नाही.

शुक्रतारा:
बेळगावकरीणताईंचा सल्ला मोलाचा आहे, परंतु अशा उदाहरणांमुळे सोसणे हीच लेखिकेची कसोटी ठरू नये, असे मला कळकळीने वाटते. फलटणच्या बेबी कांबळे यांनी आपले लेखन वर्षानुवर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले, आणि 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले ते 1986 मध्ये. हे वाचून आदर वाटतो, पण संतापही यायला हवा. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी जपल्या, म्हणून त्यांच्या निधनानंतर 1952 मध्ये त्या छापल्या गेल्या. ज्यांच्या घरात असे कोणी नव्हते, त्या बायकांनी जात्यावर काय रचले हे आपल्याला कधीच कळणार नाही.

नोकरदार स्त्रीला मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोयही कायद्याने बंधनकारक आहे. घरी बसून कथा लिहिणारीला यातले काहीच लागू होत नाही, कारण तिला मालक नाही. मग तिच्या कामाचे तास मान्य करायचे ते घरानेच. मानधन किती येते यावर ते तास ठरवू नका. मूल सांभाळण्याचेही तुम्हाला कोणी पैसे देत नाही, तरी ते काम नाही असे घरात कोणी म्हणत नाही.

कट्ट्यावरचा बाप:
माझी पत्नी लिहिते, म्हणून पतीच्या बाजूने चार शब्द. बाळ शेजारच्या खोलीत ठेवून "तू दार लावून लिही" असे म्हणण्याचा काही उपयोग होत नाही. बाळ कुरकुरले की आईचा हात थांबतो, मग दार लावलेले असो वा नसो. म्हणून मी मुलाला खाऊ घालून घराबाहेरच नेतो. आमच्याकडे मारुतीच्या देवळाचा पार आहे, तिथे कबुतरे पाहण्यात त्याचा वेळ छान जातो. बरोबर पाण्याची बाटली, एक जास्तीची चड्डी आणि डब्यात मऊ भात घेतो. बाहेरून फोन करून "याचे टोपडे कुठे आहे?" असे विचारायचे नाही, हा नियम मी स्वतःवर घालून घेतला आहे, कारण त्या एका प्रश्नाने तिची बैठक मोडते. "कोणी अडवले आहे?" असे म्हणणाऱ्या पतींनी मुलाची खिमट शिजवायला शिकावे, म्हणजे त्या वाक्याला अर्थ येईल.

मुद्रितशोधक:
मी दिवाळी अंकांचे काम करतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूची माहिती देतो. संपादकांना आजच कळवा, परंतु नकार नव्हे, परिस्थिती कळवा. पाने आणि जाहिराती ठरण्याआधी सांगितले, तर पंधरवड्याची सवलत मिळू शकते किंवा दीर्घकथेऐवजी कथा चालेल का, हे विचारता येते. शेवटच्या आठवड्यात नाही म्हटले, तर मात्र अंकात मोठे भगदाड पडते. गणपती-गौरींच्या धामधुमीत लिहिण्याचा बेत मुळीच करू नका. त्या दिवसांत घरचे काम दुप्पट होते आणि आमच्याकडे मुद्रितांचे ढीग लागलेले असतात.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. संपादकांना आजच पत्र पाठवले आणि 15 ऑगस्टपर्यंतची मुदत मागितली आहे. पतींशी बोलणे झाले. मंगळवार, गुरुवार आणि रविवारी सकाळी सात ते साडेनऊ मुलगी त्यांच्याकडे राहील आणि ते तिला नदीकाठी घेऊन जातील. सासूबाईंना हे अजून पटलेले नाही. "तो दमून येतो, त्याला कशाला?" असे त्या म्हणाल्या. त्यांच्याशी मी नव्हे, पतींनीच बोलावे, असे ठरले आहे.