खून, भूत आणि प्रेम, तेही हसतखेळत : तुमचे वाचनानुभव लिहा

मंडळी, ज्या कादंबऱ्यांत एक खून असतो, त्याचा तपास असतो, एखादं भूत नाहीतर चेटकीण असते, त्यात कुणीतरी कुणाच्या तरी प्रेमात पडतं आणि एवढं सगळं होऊनही वाचताना चेहऱ्यावर हसू असतं, अशा पुस्तकांचे चाहते आपल्यात भरपूर आहेत. त्यांच्यासाठी हा धागा. पुस्तकांची यादी नकोय, तुम्हाला त्यात काय मिळतं ते लिहा.

सुरुवात मी करते. मला यातली बंडखोरी आवडते. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने १९२८ मध्ये रहस्यकथांसाठी २० नियम लिहिले होते. तिसरा नियम, प्रेमप्रकरण नको. आठवा नियम, प्लँचेट, मनातलं ओळखणं असलं काही चालणार नाही. पुढच्याच वर्षी रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथालेखकाने १० नियम दिले, त्यातही अलौकिक गोष्टींना सरळ बंदी. आपली ही पुस्तकं पहिल्या काही पानांतच हे सगळं मोडून टाकतात आणि तरी कोडं व्यवस्थित सुटतं!

---

मस्त धागा. पण त्या नियमामागचं कारण मला पटतं हं. भुतानेच येऊन खुन्याचं नाव सांगितलं तर वाचकाने डोकं कशाला चालवायचं? म्हणून मी बघतो ते लेखकाने भुतावर बंधनं काय घातलीत. त्याला स्वतःच्या मरणाची रात्र आठवत नाही, भिंतीतून आरपार जाता येतं पण टेबलाचा खण उघडता येत नाही, घराच्या उंबरठ्याबाहेर पडता येत नाही, आणि त्याने कितीही बघितलं असलं तरी त्याची साक्ष कुठल्या कोर्टात चालणार? मग नायिकेला हाडामांसाच्या माणसांकडून पुरावा गोळा करावाच लागतो. आणि गंमत म्हणजे हीच बंधनं प्रेमकथेच्याही कामी येतात. स्पर्शच शक्य नाही म्हटल्यावर दोघांना बोलत बसावं लागतं. इतक्या मनापासून बोलणारी जोडपी मला साध्या प्रेमकथांत क्वचित भेटलीत. बंधनं एकदा सांगितली की ती शेवटपर्यंत पाळायची, एवढी एकच माझी अट. ऐन क्लायमॅक्सला भुताला अचानक दार उघडता यायला लागलं की माझा मूडच जातो.

---

आई आजारी असताना मी रात्री तिच्या उशाशी बसून हीच पुस्तकं वाचायचे. गंभीर काही वाचवत नव्हतं आणि नुसतं विनोदी वाचलं तर आपण कुठल्या वेगळ्याच जगात आहोत असं वाटायचं. यात मरण असतं, त्याच्याबद्दल बोललं जातं, पण मेलेलं माणूस सोफ्यावर बसून तक्रारी करत असतं, माझ्या जागेवर कोण बसलं, माझा कोट कुणी देऊन टाकला वगैरे. ते वाचून खूप आधार वाटायचा. आई विचारायची काय हसतेयस, मग तिला वाचून दाखवायचे, तिला ते भांडखोर भूत फार आवडलं होतं.

---

+१. कथा लगेच आत ओढून घेते, दमलेल्या दिवशी हेच बरं पडतं.

---

हे काही आजचं फॅड नाही बरं का. ऑस्कर वाइल्डची ‘द कँटरव्हिल घोस्ट’ १८८७ ची. त्यातलं भूत जमिनीवर रक्ताचा डाग पाडतं आणि घरात राहायला आलेलं कुटुंब डाग काढायचं औषध लावून तो पुसून टाकतं. मग भूत त्या घरातल्या मुलीचे रंग चोरून डाग पुन्हा रंगवतं, लाल संपल्यावर थेट हिरवा! मी पोट धरून हसलो होतो. पण शेवटाकडे तीच मुलगी त्याचं दुःख ऐकून घेते आणि त्याला शांती मिळवून देते, तिथे माझा घसा दाटला. भुताची भीती घालवायची पण त्याची खिल्ली उडवून सोडून द्यायचं नाही, हे ज्याला जमलं त्याचं पुस्तक मी कधीही वाचेन.

---

माझे मिस्टर गेले त्यानंतर मैत्रिणीने असंच एक पुस्तक दिलं, देताना ती जरा घाबरली होती, त्यात नवऱ्याचं भूत आहे म्हणून. मला उलट फार बरं वाटलं. त्यातली बायको भुताला चक्क रागावते, अर्धवट टाकून गेलास म्हणून. मला आतून तेच म्हणायचं होतं, पण असं कुणासमोर बोलता येत नाही ना. मला असे शेवट आवडतात जिथे खुनाचा छडा लागल्यावर भूत निघून जातं. काहीतरी जादू होऊन तो पुन्हा जिवंत होतो तेव्हा वाचणाऱ्या बाकीच्यांना आनंद होत असेल, मी मात्र ते पान पटकन उलटते.

---

वरचा प्रतिसाद वाचून थांबले जरा. ताई, मनापासून लिहिलंत, आभार.

मला खटकणारी एक गोष्ट सांगते. लांबलचक मालिकांमध्ये नायिका दोन नायकांमध्ये अडकून पडते, एक जिवंत पोलीस आणि एक कुणीतरी रक्तपिपासू देखणा, आणि हे निर्णय न घेणं भागामागून भाग चालू राहतं. तोवर ज्याचा खून झाला त्याच्याबद्दल कुणाला काही वाटेनासंच होतं. विनोदी असलं म्हणून काय झालं, कुणीतरी जिवानिशी गेलंय! निदान एका पात्राने तरी त्याच्यासाठी रडावं, मग पुढची सगळी धमाल मला चालते.

---

मनं वाचणाऱ्या नायिकांबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही अजून? माझा सगळ्यात आवडता प्रकार. तिला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, त्यामुळे डेटवर गेलं की समोरचा मनातून काय म्हणतोय ते कळून सगळा विचका होतो. आणि मग असा एकजण भेटतो ज्याच्या मनातलं काहीच ऐकू येत नाही. तिला आयुष्यात पहिल्यांदा शांत वाटतं, आणि वाचणाऱ्याला मात्र तोच संशयित वाटायला लागतो, कारण त्याच्याबद्दल खात्रीने काहीच कळत नाही. म्हणजे ती ज्या कारणाने प्रेमात पडली त्याच कारणाने आपण त्याच्यावर नजर ठेवून असतो. प्रेम आणि रहस्य इतकं एकजीव दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही. ही शक्ती नायकाकडे आणि नायिकेचं मन बंद, असं उलट काही कुणी वाचलं असेल तर नक्की सांगा, मी कधीपासून शोधतेय.