पीएसजीचा २०२४-२५ मोसम तक्त्यावर मांडायचाय: सामने ५८ की ६५?

गोदाकाठ_११

मंडळी, गंगापूर रोडला मैदानावर सकाळी सरावाला येणाऱ्या पोरांसाठी भिंतीवर लावायला एक तक्ता करायचाय. पॅरिस सेंट-जर्मेन (पीएसजी) या फ्रेंच फुटबॉल क्लबचा २०२४-२५ चा अख्खा मोसम, सामन्यागणिक एक ओळ. फ्लेक्स तीन फूट रुंद, चार फूट उंच. एकदा छापून आला की खाडाखोड नाही, म्हणून आधीच विचारून घेतो.

एकूण सामने कुठे ५८ दिसतात, कुठे ६५. त्यांच्या डेंबेलेचे गोल कुठे ३३, कुठे ३५. चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) गुणतक्त्यात हा संघ १५ वा आणि तरी कप त्याच्याचकडे, हे पोरांना एका ओळीत कसं सांगायचं? फ्रेंच कपात लाँसला हरवलं ते पेनल्टीवर, मग रकान्यात 'विजय' लिहू की 'बरोबरी'? आणि तारखा तिकडच्या टाकू की आपल्या?

ऑफसाइड_इंदिरानगर

५८ आणि ६५ दोन्ही बरोबर आहेत भाऊ, मोजणाऱ्याने कुठे थांबायचं ठरवलं एवढाच फरक. लीग १, म्हणजे फ्रान्सची वरची लीग, तिचे ३४ (१८ संघ, प्रत्येकाशी दोनदा), फ्रेंच कपचे ६, चॅम्पियन्स करंडकाचा (फ्रान्सचाच, एका सामन्याचा) १, चॅम्पियन्स लीगचे १७. झाले ५८. हा हिशोब ३१ मे २०२५ ला म्युनिकमध्ये संपतो, इंटर मिलानला ५-० हरवलं तिथे. त्यानंतर अमेरिकेत क्लब वर्ल्ड कप झाला, त्याचे ७ धरले की ६५. त्याचा अंतिम सामना १३ जुलैला चेल्सीशी, ०-३ हार.

डेंबेलेचंही तेच. लीगमध्ये २१, चॅम्पियन्स लीगमध्ये ८, फ्रेंच कपात ३, चॅम्पियन्स करंडकात १, एकूण ३३. क्लब वर्ल्ड कपातले बायर्न आणि रेआल माद्रिदविरुद्धचे दोन मिळवले की ३५. जाता जाता, लीगमधला सर्वाधिक गोलांचा मान त्याच्या एकट्याचा नाही. मार्सेयच्या ग्रीनवुडचेही २१ आहेत, तक्त्यात दोघांची नावं टाका, नाहीतर एखादं पोरगं पकडेलच.

माझं मत विचाराल तर क्लब वर्ल्ड कप वेगळ्या पट्टीत, खाली. 'मोसमात चार करंडक' म्हणतात ते वरच्या ५८ सामन्यांतलेच आहेत.

पेनल्टीचा नियम सोपा. शूटआऊट फक्त पुढे कोण जाणार ते ठरवतं, सामन्याचा निकाल बदलत नाही. म्हणून २२ डिसेंबर २०२४ चा लाँसचा सामना १-१ बरोबरी, शेऱ्यात 'पेनल्टीवर पुढे'. लिव्हरपूलच्या मैदानावरचाही तसाच, बरोबरी धरा.

गोदाकाठ_११

वा, आकड्यांचा गुंता सुटला. तारखा आणि १५ व्या नंबरचं तेवढं सांगा कुणीतरी.

पंचवटी_पासधारक

तारखा तिकडच्याच ठेवा आणि तळाशी एक ओळ टाका: 'तारखा यजमान देशाच्या'. आपल्या तारखा टाकायला गेलात की अर्धा तक्ता एक दिवस पुढे सरकतो आणि पोरं नेटवर ताळा करायला बसली की एकही जुळत नाही.

ज्यांना पुढच्या मोसमात सामने बघायचेत त्यांच्यासाठी वेळेचं गणित. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत फ्रान्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, बाकीच्या महिन्यांत साडेतीन. म्हणून चॅम्पियन्स लीगचा रात्री ९ चा सामना नाशिकमध्ये सप्टेंबर, एप्रिल, मे मध्ये साडेबाराला आणि नोव्हेंबर ते मार्च दीड वाजता. लीगचा रविवारचा ८:४५ चा सामना सव्वाबारा किंवा सव्वाएक. म्हणजे नेमक्या निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या येतात त्याच महिन्यांत जास्तीचा एक तास जागायचं!

फसगत होते ती घड्याळ बदलण्याच्या दिवशीच. २७ ऑक्टोबर २०२४ ला मार्सेयच्या मैदानावर ८:४५ चा सामना होता, पीएसजी ३-० जिंकली. त्याच पहाटे युरोपात घड्याळं तासभर मागे गेली होती. आदल्या आठवड्याच्या हिशोबाने सव्वाबाराला टीव्ही लावला तर सामना सव्वाएकला सुरू. फोनच्या कॅलेंडरमध्ये सामना टाकताना वेळक्षेत्र 'पॅरिस' निवडा, बाकीचं फोन बघतो. नुसती भारतीय वेळ टाकून 'दर आठवड्याला' केलंत की वर्षातून दोनदा चुकणार.

आणखी एक. ओळी खेळलेल्या तारखेने लावा, फेरीच्या क्रमाने नको. २९ वी फेरी, नाँतविरुद्धची, अॅस्टन व्हिलाशी होणाऱ्या दोन लढतींच्या मध्ये येत होती म्हणून २२ एप्रिलला ढकलली. ३० वी, ल आव्रविरुद्धची, १९ एप्रिललाच होऊन गेली होती. फेरीने लावलंत तर तारखा उलट्या दिसतात आणि छपाईची चूक वाटते.

तिसरा_डिफेंडर

ऑफसाइडभाऊंचं बाकी सगळं मान्य, लिव्हरपूलचं मात्र चुकलं. पहिली लढत पॅरिसमध्ये ०-१ हरले. दुसरी, ११ मार्चची, ९० मिनिटांत १-० जिंकले. बरोबरी झाली ती दोन सामन्यांच्या बेरजेत, १-१. मग जादा वेळ, त्यात गोल नाही, मग पेनल्टी ४-१. म्हणजे त्या सामन्यापुढे 'विजय' लागतो. लाँसचा सामनाच १-१ सुटला होता, म्हणून तिथे बरोबरी. पडताळून बघा: चॅम्पियन्स लीगच्या १७ सामन्यांत ११ विजय, १ बरोबरी, ५ हार. ती एकमेव बरोबरी पीएसव्हीशी. लिव्हरपूलला बरोबरी धरलंत की १०-२-५ होतं आणि कुठल्याच नोंदीशी जुळत नाही.

फ्रेंच कपात २०२०-२१ पासून अंतिम सामना सोडला तर जादा वेळच नाही. ९० मिनिटांनंतर थेट पेनल्टी. म्हणून 'जादा वेळ' असा वेगळा रकाना करू नका, वर्षभरात एकदाच भरेल. शेऱ्यात लिहिलं की भागलं.

आता १५ वा नंबर. त्या मोसमापासून चॅम्पियन्स लीगमध्ये गट नाहीत. ३६ संघांचा एकच गुणतक्ता, प्रत्येकाचे ८ सामने, आठही प्रतिस्पर्धी वेगळे, चार घरी, चार बाहेर. पहिले ८ थेट शेवटच्या सोळांत, ९ ते २४ प्लेऑफमध्ये (दोन लढतींची जादा फेरी), २५ पासून खाली घरी. पीएसजीचं गणित असं: जिरोनाशी १-०, आर्सेनलशी ०-२, पीएसव्हीशी १-१, अॅटलेटिकोशी १-२, बायर्नशी ०-१, साल्झबुर्गशी ३-०. सहा सामन्यांत ७ गुण. सातवा मँचेस्टर सिटीशी, २२ जानेवारीला. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच ०-२ ने मागे पडले आणि तिथून ४-२ जिंकले. आठवा श्टुटगार्टशी ४-१. एकूण १३ गुण, गोल १४-९, क्रमांक १५.

तक्त्यात एक ओळ ठळक करायची तर सिटीची करा, अंतिम सामन्याची नको. तो सामना गेला असता तर १० गुणच झाले असते. २४ व्या क्रुब ब्रुगेकडे ११ होते आणि २५ व्या झाग्रेबकडेही ११, तेही गोलफरकावर बाहेर पडले. पोरांना १५ व्या नंबरचं कोडं समजावायला हे पुरे: पहिला टप्पा फक्त दार उघडतो, गुण पुढे नेता येत नाहीत. वरचे ८ आणि यांच्यात फरक एवढाच की यांना दोन सामने जास्त खेळावे लागले, ब्रेस्तशी ३-० आणि ७-०.

ऑफसाइड_इंदिरानगर

बरोबर, लिव्हरपूलची चूक माझीच. दोन लढतींची बेरीज आणि एका सामन्याचा निकाल यांची गल्लत झाली.

एक भर. क्वारात्सखेलिया जानेवारीच्या मध्यावर नापोलीहून आला, पण सिटी आणि श्टुटगार्टविरुद्ध तो नाही. गुणतक्त्याच्या टप्प्यासाठी दिलेल्या यादीत जानेवारीत आलेला खेळाडू घालता येत नाही, बाद फेरीच्या आधी जास्तीत जास्त तीन नवे घालता येतात. लीगमध्ये मात्र तो लगेच चालतो. 'लीगमध्ये खेळला, युरोपात का नाही' हा प्रश्न पोरं हमखास विचारतात.

तिसरा_डिफेंडर

'घर / बाहेर' रकान्यात फ्रेंच कप घोळ घालतो. खालच्या डिव्हिजनचा संघ यजमान असला तरी त्याचं मैदान पुरत नाही, मग सामना शेजारच्या मोठ्या मैदानावर. एस्पालीशी (४-२) क्लेरमाँत, स्टाड ब्रिओशँशी (७-०) रेनला, डंकर्कशी उपांत्य सामना (०-२ वरून ४-२) लीलला. तिन्ही पीएसजीसाठी 'बाहेर', पण यजमानाच्या गावात एकही नाही. तिथे गावाचं नाव लिहा. ब्रेस्तचा युरोपातला घरचा सामनाही ब्रेस्तमध्ये नव्हता, गँगाँला झाला. अंतिम सामने आणि दोहाचा चॅम्पियन्स करंडक (५ जानेवारी, मोनॅकोशी १-०) 'त्रयस्थ'.

कपच्या अंतिम सामन्यापुढे रँसची गंमत लिहाच. २४ मे ला पीएसजीकडून ०-३. हा सामना त्यांच्या लीगमधलं स्थान टिकवण्याच्या दोन लढतींच्या मध्ये सापडला, मेट्झशी २१ आणि २९ मे ला. दुसरी जादा वेळेत १-३ गेली आणि रँस खालच्या डिव्हिजनमध्ये.

लीगचं फार नको. ५ एप्रिलला आँजेला १-० हरवून २८ सामन्यांतच जेतेपद, सहा बाकी. तोवर एकही हार नाही. मग नीसकडून १-३ आणि स्ट्रासबुर्गकडून १-२. शेवटी ८४ गुण, मार्सेय ६५, मोनॅको ६१. तळाशी जागा उरली तर एवढं टाका: कप पीएसजीनेच जिंकल्यामुळे कपविजेत्याची युरोपा लीगची (चॅम्पियन्स लीगच्या खालची स्पर्धा) जागा लीगच्या क्रमवारीत खाली सरकली, त्यामुळे सहावा लिऑन युरोपा लीगला आणि सातवा स्ट्रासबुर्ग त्याहून खालच्या कॉन्फरन्स लीगच्या प्लेऑफला. दोघांचे गुण सारखेच, ५७. गोलफरकाने ठरलं.

गोदाकाठ_११

एवढं चार फुटांत बसेल का हीच शंका आता.

पंचवटी_पासधारक

बसेल, पण एका उभ्या यादीत नको. शीर्षकाला आणि तळाच्या बेरजेला आठ इंच सोडले तर ४० इंच उरतात. ६५ ओळी म्हणजे ओळीला जेमतेम दीड सेंटिमीटर, लांबून वाचता येणार नाही. दीड-दीड फुटाचे दोन स्तंभ करा, ३३ आणि ३२ ओळी, म्हणजे ओळीला १.२ इंच मिळतात. स्पर्धेसाठी वेगळा रकाना नको, ओळीला पार्श्वरंग द्या: पाच स्पर्धा, पाच फिके रंग. गडद निळ्यावर काळी अक्षरं उन्हात दिसत नाहीत.

फ्लेक्सवाल्याला मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. बऱ्याच दुकानांत अजून श्रीलिपीवर (जुन्या पद्धतीचे मराठी फाँट) काम चालतं, फोनवरचा युनिकोड मजकूर कोरलमध्ये (त्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) चिकटवला की वेलांट्या अक्षर सोडून उभ्या राहतात आणि जोडाक्षरं फुटतात. 'स्ट्रासबुर्ग' आणि 'क्वारात्सखेलिया' ही दोन नावं आधी बघा, ती शाबूत असतील तर बाकीचं शाबूत. फाँट आत घातलेली पीडीएफ द्या आणि ए४ वर एक प्रत काढून घ्या.

त्या प्रतीवर बेरीज जुळवा. पहिल्या ५८ ओळींत ४३ विजय, ८ बरोबऱ्या, ७ हार, गोल १५२-५५. सगळ्या ६५ धरल्या की ४८-८-९ आणि १६८-५९. एक बरोबरी जास्त निघाली तर आधी लिव्हरपूलची ओळ बघा, एक कमी निघाली तर लाँसची.

गोदाकाठ_११

क्लब वर्ल्ड कप खालच्या पट्टीत, सिटीची ओळ ठळक, तारखा तिकडच्या. शनिवारी दुकानात जातोय, ए४ ची प्रत इथे टाकतो. आणि तिसरा_डिफेंडरभाऊ, 'क्लब ब्रुगे' लिहिताना तुमचं बोट घसरलंय, ते मी सुधारून घेतो.