शाळेतलं जेवण: मुलांच्या पोटात नक्की किती जातं? अनुभव सांगा

धागा काढायचं कारण म्हणजे माझ्या लेकीचा डबा. दोन महिने भाजी अर्धी तशीच परत येत होती. मी पदार्थ बदलून पाहिले, रागावलेही. शेवटी एकदा ती म्हणाली, "आई, हात धुवायच्या रांगेतच अर्धी सुट्टी संपते गं." म्हणजे अडचण चवीची नव्हतीच. घरचा डबा असो की शाळेतलं गरम जेवण, तुमचा अनुभव काय? शिक्षक आणि स्वयंपाक करणाऱ्यांनीही जरूर लिहा.

*

मी पहिलीला शिकवते. एक मुलगा रोज तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकवायचा. मी त्याला आळशी समजले, दोनदा उभंही केलं. मग एकदा जवळ घेऊन विचारलं, तर सकाळपासून पोटात फक्त पाणी. मोठ्या माणसाचा मेंदू वजनाच्या जेमतेम २% असतो, पण शरीर स्वस्थ असताना सुमारे २०% ऊर्जा तोच वापरतो. लहान मुलांत हा वाटा आणखी मोठा. त्या पोराला उभं केल्याचं मला अजून लागून राहिलंय.

*

शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. पालेभाजी केली की मुलं एकेक पान वेचून ताटाच्या कडेला ओळीने लावतात. तरी मी ती बंद करत नाही. नवी चव रुळायला ८-१० वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ताटात यावी लागते. आधी एकच चमचा वाढते. ढीग वाढला की मूल बघूनच घाबरतं.

*

मुलगी ९ वर्षांची, जिना चढताना धापा टाकायची. तपासलं तर हिमोग्लोबिन ९.८. या वयात ११.५ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच, शिवाय जेवणाबरोबरचा चहा बंद करायला लावला, कारण त्याने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. डाळ-पालेभाजीच्या जोडीला आंबट फळ द्या म्हणाले. त्यातल्या 'क' जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं. चार महिन्यांनी परवा ती माझ्यापुढे धावत वर गेली.

*

लिहू की नको, असं झालं होतं. शाळेत मिळायचं तेच माझं दिवसातलं एकमेव पोटभर जेवण. सुट्ट्या लागल्या की बाकीचे नाचायचे, माझ्या पोटात गोळा यायचा. जेवण चांगलं असायचं, पण फुकट जेवणाऱ्यांची रांग वेगळी. मी मान वर करायचो नाही. कृपा करून सगळ्या मुलांना एकाच पंगतीत वाढा.

*

सगळ्यांचं वाचलं. शेवटचं दोनदा. काल शाळेत जाऊन आले: सव्वाशे मुलं आणि नळ दोन. पालकसभेत आधी नळांचंच बोलणार आहे. तुमच्याकडे जेवणाची सुट्टी किती मिनिटांची, तेवढं सांगा. आकडे घेऊन जाते.