जुनी आयरिश गाणी म्हणजे नक्की किती जुनी?

तिरकीटधा:
परवा इथे 'दुष्काळात जन्मलेली आयरिश लोकगीतं' अशी यादी आली. पहिल्या नंबरावर 'फील्ड्स ऑफ अ‍ॅथेनराय'! अहो, बटाट्याचं पीक बुडून आयर्लंडात पडलेला दुष्काळ १८४५ चा, गाणं पीट सेंट जॉनने लिहिलं १९७० च्या दशकात. दुसरं 'डॅनी बॉय'. शब्द फ्रेडरिक वेदर्ली या इंग्रज वकिलाचे, १९१३ चे. तिसरं 'डर्टी ओल्ड टाउन' तर इंग्लंडातल्या सॅल्फर्डवर, इवन मॅकॉलने १९४९ मध्ये लिहिलेलं. तीनपैकी तीन दांड्या गुल.

पावसाळी_बेडूक:
यादी माझीच. शब्द वकिलाचे असतील, पण चाल? लिमावॅडीच्या जेन रॉसने टिपून घेतलेली, १८५५ साली जॉर्ज पेट्रीच्या संग्रहात छापलेली. ती सोयीस्करपणे गाळलीत. आणि रग्बीच्या सामन्याला हजारो लोक अ‍ॅथेनराय गातात, ते आधी सन तपासतात का?

कॉनेमारा_रिटर्न:
दोघंही इंग्रजी गाण्यांवरच भांडा. अस्सल म्हणजे शान-नोस. आयरिश भाषेत, एकट्याचा गळा, साथीला काही नाही. कार्ना गावच्या जो हीनी या गायकाला ऐका. गिटार आली की संपलं.

गिटारवाला_गण्या:
आले सोवळेवाले! बूझूकी हे तंतुवाद्य ग्रीसचं, बॅन्जो अमेरिकेतून आलेला, ते चालतात आणि गिटारचाच विटाळ? गॉलवेत तीन वर्षं काढलीत मी. एकदा पबमध्ये सेशन, म्हणजे सगळ्यांनी जमून वाजवायची बैठक, चालू असताना न विचारता गिटार काढली. एका आजोबांनी माझ्यापुढे बिअरचा ग्लास ठेवला. म्हणाले, हा संपेपर्यंत वाजवू नकोस, आणि सावकाश पी.

कॉनेमारा_रिटर्न:
आजोबांना साष्टांग नमस्कार.

गिटारवाला_गण्या:
आजोबा स्वतः बॅन्जो वाजवत होते!

तिरकीटधा:
अवांतर आवरा. धागा गाण्यांच्या वयाचा आहे.

गिटारवाला_गण्या:
वयाचा दाखला मागणारे तुम्ही कोण, तहसीलदार?

जात्याची_पाळ:
साथ नाही म्हणून अस्सल, हे काही पटत नाही. माझी आजी पहाटे ओव्या म्हणायची, तिला जात्याच्या घरघरीची साथ असायची. जातं गेलं आणि तिला ओव्या आठवेनात. आम्ही रेकॉर्डर पुढे धरून बसलो, ती नुसती हसली.

कॉनेमारा_रिटर्न:
हं. हे माझ्याच विरोधात जातंय, पण सांगतो. शान-नोस गाताना कधीकधी शेजारचा माणूस गाणाऱ्याचा हात धरून हळूहळू गोल फिरवत राहतो. अगदी जात्यासारखा. तेव्हा 'साथीला काही नाही' हे शब्द मागे. गिटारबद्दलचे नाहीत.

गिटारवाला_गण्या:
उपकार झाले.

पावसाळी_बेडूक:
शीर्षक बदललं. 'जुनी वाटणारी आयरिश गाणी'. झालं समाधान?

तिरकीटधा:
'आयरिश' पण काढा. सॅल्फर्ड अजून तिसऱ्या नंबरावरच आहे.