पाळी जाऊन इतकी वर्षं झाली तरी घाम आणि आग थांबत नाही. मदत हवी आहे

सुईदोरा (सोलापूर): मैत्रिणींनो, पाळी बंद होऊन बरीच वर्षं झाली. सगळ्या म्हणायच्या, दोन-तीन वर्षांत जाईल. गेलं नाही. मानेपासून वाफ चढते, चेहरा लालबुंद होतो, मिनिटभरात ब्लाउज पाठीला चिकटतो. मे महिन्यात सगळं सोलापूरच घामाघूम, कुणाला कळत नाही. पण जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेत बाकीच्या बायका शाली गुंडाळून होम मैदानावर हिंडत होत्या आणि मी पदरानं वारा घेत होते. रात्री उशीवर टॉवेल टाकते, तोही पहाटेपर्यंत ओला. त्यात लघवीला सारखी जळजळ. डॉक्टर म्हणतात, वयानं होतं. ज्यानं खरंच फरक पडला तेवढंच सांगा.

कडक_भाकरी: वय? पाळी आपोआप गेली की ऑपरेशन झालं? गोळ्या कुठल्या चालू आहेत? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

माई_विजापूर_रोड: काही नाही, रोज जवसाची चटणी खा आणि शतावरी दुधातून घ्या. मला गुण आला. झोपताना गार पाण्यानं अंघोळ करायची.

पेठेतला: माई, रोज रात्री अंघोळ? आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. उजनी धरण भरलं तरी तेच.

सुईदोरा: पाण्याचं दुसरीकडं बोला की ओ. वय ५३. गाठी होत्या म्हणून ४२व्या वर्षी पिशवी काढली. बीपीची आणि शुगरची गोळी चालू आहे, पण त्याचा इथं काय संबंध?

निवृत्त_सिस्टर: संबंध आहे ताई. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिननं चेहरा तापू शकतो. शुगरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीनं रात्री साखर उतरली तर दरदरून घाम फुटतो. घामानं जाग आली की लगेच मशीनवर साखर बघा. ७०च्या खाली असेल तर आधी साखरपाणी घ्या आणि डॉक्टरांना कळवा. गोळी मनानं बंद करू नका. थायरॉइडही तपासा. पिशवीबरोबर अंडाशयं काढली का? डिस्चार्ज कार्ड बघा.

मी_पुण्याची: एवढं कशाला? हार्मोनच्या गोळ्या घ्या. मला महिन्याभरात झोप लागायला लागली.

कडक_भाकरी: असं सरसकट सांगू नका. माझ्या जावेच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती, त्याच गोळ्यांवर.

मी_पुण्याची: हार्मोनच्या गोळ्यांची भीती २००२च्या अमेरिकेतल्या अभ्यासामुळं बसली. त्यातल्या बायका सरासरी ६३ वर्षांच्या होत्या!

निवृत्त_सिस्टर: दोघींचंही खरं आहे. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरू केलं तर धोका कमी. स्तनाचा कॅन्सर किंवा गुठळी होऊन गेली असेल तर सहसा देत नाहीत. पिशवी नसेल तर नुसतं इस्ट्रोजेन हे एकच हार्मोन पुरतं.

मुलगा_८४: माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला कॅल्शियम चालेल का?

सुईदोरा: कार्ड सापडलं. 'टीएएच विथ बीएसओ' लिहिलंय. मला तर फक्त पिशवी काढली एवढंच सांगितलं होतं.

निवृत्त_सिस्टर: म्हणजे दोन्ही अंडाशयंही काढलीत. पाळी हळूहळू जाते तेव्हा शरीराला सवय होते, तुमचं इस्ट्रोजेन अंडाशयांबरोबर एकदम गेलं, म्हणून त्रास जास्त. एवढ्या लवकर गेलं तर हाडंही ठिसूळ होतात, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. अकरा वर्षं झाली, बीपी-शुगरही आहे, त्यामुळं हार्मोनचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर बसूनच. ते नको म्हणाले तर घामासाठी बिनहार्मोनची औषधंही आहेत, तसं विचारा. जळजळीसाठी आधी लघवी तपासा. जंतू नसतील तर योनीच्या आत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं, त्याचा अंश रक्तात फार थोडा जातो. हे सांगायला लाजू नका.

माई_विजापूर_रोड: चटणी तरी चालू ठेवा.

सुईदोरा: ठेवते माई. सिस्टर, काल पहाटे घाम आला तेव्हा साखर बघितली, ६४. साखरपाणी घेतलं. आज संध्याकाळी शुगरच्या डॉक्टरांकडं जाते, कार्डही घेऊन.