मदत हवी आहे: ड्राफ्टमध्ये रनिंग बॅक इतक्या वर घ्यावा का?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत राहतो. घरात अमेरिकन फुटबॉल लागतो तो चिरंजिवांमुळे. माझी मजल चार डाउन, दहा यार्ड इथपर्यंतच. त्यानं शाळेतल्या वादविवादासाठी विषय निवडलाय: 2018 च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो) न्यूयॉर्क जायंट्सनी दुसऱ्या क्रमांकावर सेक्वॉन बार्कली हा रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) घेतला, ते बरोबर होतं. तो अनुकूल बाजूनं बोलणार. घरी विरोधी पक्षाचं काम माझ्याकडे आलंय.

त्याचा मुद्दा सरळ आहे. पहिल्याच मोसमात बार्कलीनं धावून आणि झेल घेऊन मिळून 2028 यार्ड काढले, 91 झेल घेतले, सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढे 2024 च्या मोसमात नुसतं धावून 2005 यार्ड आणि सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकलासुद्धा. आणखी काय पाहिजे?

मी म्हटलं, बाळा, सुपर बोल जिंकला तो फिलाडेल्फिया ईगल्सनी. त्यावर म्हणतो, खेळाडू तोच ना! इथे माझी गाडी अडली. जिथे वाचावं तिथे जाणकार सांगतात की रनिंग बॅक लवकर घेऊ नये, पण कारण नीट कुणी फोडून सांगत नाही. 'पोझिशनल व्हॅल्यू' एवढं म्हणून मोकळे होतात. तुमच्यापैकी कुणी हे समजावेल का? शिव्या चालतील, पण आकड्यांसकट द्या.

हिशेबनीस

शिव्या कशाला, प्रश्न चांगला आहे. बार्कली चांगला होता की नाही, हा वादच नाही. तुमचा मुलगा ते सिद्ध करत बसला तर समोरचे 'मान्य' म्हणतील आणि मग त्याच्याकडे बोलायला काही उरणार नाही. वाद किमतीचा आहे.

आयपीएलच्या लिलावात खेळाडूची किंमत बोलीवर ठरते. ड्राफ्टमध्ये ती क्रमांकावर ठरते. लीग आणि खेळाडू संघटनेच्या 2011 च्या करारापासून नवोदितांचा पगार जवळपास बांधलेला आहे: चार वर्षांचा करार, आणि पहिल्या फेरीतल्यांसाठी संघाच्या मर्जीनं पाचवं वर्ष. दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक (बॉल फेकून आक्रमण चालवणारा) घ्या, टॅकल (पुढच्या फळीत अडवणारा) घ्या नाहीतर रनिंग बॅक घ्या, रक्कम साधारण तीच. बार्कलीला मिळाले सुमारे 3 कोटी 12 लाख डॉलर, सगळे हमीचे. म्हणजे एकही सामना न खेळता तो लीगमधल्या महागड्या रनिंग बॅकांच्या रांगेत जाऊन बसला.

आता खुला बाजार बघा. डॅलसचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट, त्याचा 2024 चा करार वर्षाला 6 कोटी डॉलरचा. रनिंग बॅकांत वर्षाला 2 कोटींची रेघ ओलांडणारा पहिला माणूस बार्कलीच, तोही 2025 मध्ये. त्यामुळे ड्राफ्टमध्ये चांगला क्वार्टरबॅक लागला तर संघाचे चार वर्षं कोट्यवधी वाचतात, आणि त्या पैशांत बाकीचा संघ उभा राहतो. रनिंग बॅक कितीही चांगला लागला तरी बचत किरकोळ. 'पोझिशनल व्हॅल्यू' म्हणतात ती हीच.

दुसरं म्हणजे रनिंग बॅक खालच्या फेऱ्यांतही मिळतात. 2017 मध्ये लीगमध्ये सर्वाधिक यार्ड धावणारा करीम हंट तिसऱ्या फेरीतला, त्याच फेरीत अल्विन कमारा. आयझाया पचेको सातव्या फेरीतला, 251 वा, आणि कॅन्सस सिटीकडून दोन सुपर बोल जिंकून बसलाय. टेरेल डेव्हिस तर 1995 चा, सहाव्या फेरीतला, 1998 मध्ये 2008 यार्ड. सातव्या फेरीत क्वार्टरबॅक शोधून दाखवा म्हणावं. (सातव्या फेरीतला क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी, त्याचं नाव कुणीतरी काढणारच. सातव्या फेरीत असे कितीजण निघालेत, ते मोजून या.)

खिडकीतला

फँटसीमध्ये (खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ करायच्या खेळात) मी पहिल्या फेरीत रनिंग बॅकच घेतो. आजवर पस्तावलो नाही.

हिशेबनीस

अहो, तिथे ब्लॉकिंगला (समोरच्यांना अडवण्याला) गुण नाहीत, पगाराचं ओझं नाही, आणि जानेवारीत संघ विसर्जित करता येतो. हा धागा खऱ्या ड्राफ्टचा आहे.

ईगल्सवेडी

मी फिलाडेल्फियाची, त्यामुळे मी बोलायलाच हवं. मुलाला सांगा, 'खेळाडू तोच' हे वाक्य त्याच्यावरच उलटेल. खेळाडू तोच होता, मग 2018 मध्ये जायंट्स 5-11 (पाच विजय, अकरा पराभव) का?

2024 च्या नोव्हेंबरातला जॅक्सनव्हिलविरुद्धचा तो क्षण सगळ्यांना ठाऊक आहे. बार्कलीनं झेल घेतला, एकाला हुकवलं, गिरकी घेतली, पाठीमागे आलेल्या दुसऱ्या बचावपटूकडे पाठ असतानाच उडी मारली आणि त्याच्या डोक्यावरून उलटा पलीकडे गेला. तो व्हिडिओ मी अजूनही बघते. पण आमच्या मोसमाची खरी गोष्ट त्यात नाही. रॅम्सविरुद्ध बर्फात झालेल्या प्लेऑफ सामन्यातल्या त्याच्या 62 आणि 78 यार्डांच्या धावा काढून बघा, आणि बघताना त्याच्याकडे बघू नका, पुढच्या पाच जणांकडे बघा. मायलाटा, डिकरसन, जर्गन्स, बेक्टन, लेन जॉन्सन. ते फट पाडतात आणि हा तिच्यातून सुटतो. न्यूयॉर्कात बहुतेकदा बॉल हातात पडताच कुणीतरी अंगावर आलेला असायचा. उड्या त्याला तिथेही माराव्या लागायच्या, फक्त दोन यार्डांसाठी.

आणि मुख्य म्हणजे ईगल्सनी त्याच्यासाठी ड्राफ्टचा एकही पिक (निवडीचा हक्क) खर्च केला नाही. मार्च 2024 मध्ये बाजारातून घेतला, तीन वर्षं, 3 कोटी 77 लाख. आधी लाइन, म्हणजे ही पुढची फळी, उभी केली, रनिंग बॅक शेवटी आणला. जायंट्सनी नेमकं उलटं केलं.

जुना कौबॉय

डॅलसचा अनुभव सांगतो. 2016 मध्ये आम्ही चौथ्या क्रमांकावर इझिकिएल एलियट घेतला. पहिल्याच मोसमात लीगमध्ये सर्वाधिक यार्ड, 2018 मध्ये परत. पण तो आला तेव्हा टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक आणि झॅक मार्टिन, तिघेही पहिल्या फेरीतले, लाइनवर आधीच उभे होते. पुढच्याच क्रमांकावर जॅक्सनव्हिलनं कॉर्नरबॅक (बचावपटू) जेलन रॅम्झी नेला, ते आजही सलतं.

पण इथे कुणी न मांडलेली एक बाजू आहे, आणि ती मुलाच्या उपयोगाची. रनिंग बॅकची उमेदीची वर्षं विशी ते पंचविशीतली, म्हणजे नेमकी पहिल्या कराराची. संघांना जे बुडवतं ते बहुतेक वेळा दुसरं कंत्राट. एलियटला आम्ही 2019 मध्ये सहा वर्षांचे 9 कोटी कबूल केले आणि 2023 मध्ये सोडून दिलं. टॉड गर्लीचं त्याहून वाईट: 2015 चा दहावा क्रमांक, 2017 चा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू, 2018 मध्ये मोठी मुदतवाढ, आणि मार्च 2020 मध्ये रॅम्सनी घरी पाठवला. गुडघा गेला होता. रनिंग बॅक घ्यायचाच तर ड्राफ्टमध्येच घ्या, पाच वर्षं वापरा, असं म्हणता येतं. माणूस म्हणून ऐकायला वाईट वाटतं, पण लीग तशीच चालते.

धागाकर्ता

मंडळी, सोनं दिलंत. काल जेवताना '5-11 का?' विचारलं. पोळी हातात धरून गप्प बसला. मग म्हणाला, जायंट्सनी दुसरं कोण घ्यायला हवं होतं ते सांगा, ते घेऊन काय झालं असतं तेही सांगा. आता मी गप्प!

शिवाय डेट्रॉइटचं नाव काढलं. म्हणे लायन्सनी 2023 मध्ये बाराव्या क्रमांकावर जहमीर गिब्ज घेतला, तेव्हा सगळे हसले, आणि पुढच्या मोसमात 20 टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) आणि संघ 15-2. यावर उत्तर?

हिशेबनीस

पोरगं हुशार आहे.

लायन्सकडे पेनाय सूएल, टेलर डेकर आणि फ्रँक रॅग्नो होते, म्हणजे फट पाडणारे तयार होते. त्याच ड्राफ्टमध्ये अटलांटानं आठव्या क्रमांकावर बिजान रॉबिन्सन घेतला. खेळाडू उत्तम, पण संघ त्या मोसमात 7-10. नवव्या क्रमांकावर ईगल्सनी बचावफळीतला जेलन कार्टर उचलला आणि दोन वर्षांत करंडक उचलला. गिब्जची निवड शोभली, कारण लायन्सच्या घरात बाकी बरंच काही जागेवर होतं.

2018 चं म्हणाल तर सहाव्या क्रमांकावर क्वेन्टन नेल्सन गेला. गार्ड, म्हणजे लाइनवरचा, आणि पहिल्याच वर्षी ऑल-प्रो (लीगच्या सर्वोत्तम संघात). जायंट्सना नेमकी लाइनच हवी होती. जॉश ॲलन सातवा, लमार जॅक्सन बत्तिसावा, दोघेही क्वार्टरबॅक, दोघेही पुढे एमव्हीपी (मोसमातला सर्वात मोलाचा खेळाडू). आणि एवढं करून रनिंग बॅक हवाच असता तर निक चब पस्तिसाव्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. जायंट्सचा दुसरा पिक चौतिसावा. हे वाक्य शेवटासाठी राखून ठेवा.

ईगल्सवेडी

पण न्यायानं सांगायचं तर त्यांनी क्वार्टरबॅकच घेतला असता तरी ॲलनच मिळाला असता असं नाही. जेट्सनी तिसऱ्या क्रमांकावर सॅम डार्नोल्ड घेतला आणि तीन मोसमांत कॅरोलायनाला देऊन टाकला. जायंट्सचा क्वार्टरबॅक एलाय मॅनिंग तेव्हा 37 वर्षांचा, त्याला शेवटची संधी द्यायची म्हणून बार्कली, असा जायंट्सचा विचार होता. मुलानं तो धरावा. 2022 मध्ये बार्कली 1312 यार्ड धावला आणि संघानं मिनेसोटात प्लेऑफ सामना जिंकला, हेही त्याच्या खात्यावर लिहा.

धागाकर्ता

चौतीस आणि पस्तीसवालं वाक्य मी घरी वापरणार नाही. समोरच्या संघाला सुचलं नाही तर पोरगं सुटेल. सुचलंच, तर 2022 च्या प्लेऑफवर बोल, असं त्याला सांगून ठेवतो. स्पर्धा शुक्रवारी आहे. मिनेसोटाच्या त्या सामन्यातले बार्कलीचे आकडे कुणाकडे असतील तर गुरुवारपर्यंत इथेच टाका.