नावेवरील तीन बॅटऱ्यांची जोडणी व चार्जिंग : मदत हवी आहे

नमस्कार. नागपूरहून रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर नेण्यासाठी आम्ही एक लहान नाव तयार करत आहोत. तिच्यात इंजिन सुरू करण्यासाठी १२ व्होल्टची एक लेड-ॲसिड बॅटरी, आणि विजेच्या मोटरसाठी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीचे पॉझिटिव्ह टोक दुसरीच्या निगेटिव्हला) जोडून २४ व्होल्ट घ्यायचे आहेत.

सिरीजमधल्या बॅटऱ्या एकाच २४ व्होल्टच्या चार्जरवर सतत चार्ज केल्यास कालांतराने एक अपुरी आणि दुसरी अती चार्ज होऊ शकते, म्हणून प्रत्येक बॅटरीसाठी चार्जरचे स्वतंत्र आउटपुट असावे असे मला वाटते. मात्र ही आउटपुट आतून विलग (एकमेकांशी विजेने न जोडलेली) नसतील, तर सिरीजमधल्या वरच्या बॅटरीची (जिचे निगेटिव्ह खालच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेले असते) निगेटिव्ह बाजू सामायिक निगेटिव्हला मिळून खालच्या बॅटरीचे थेट शॉर्टसर्किट होईल, आणि माझी खरी काळजी तीच आहे. विकत घेण्यापूर्वी चार्जरमधील हे विलगीकरण मल्टीमीटरने खात्रीपूर्वक कसे तपासावे?

दुसरे असे की, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर चार्जिंगचे व्होल्टेज सहसा २५ अंश गृहीत धरून ठरवलेले असते. तापमानाचा सेन्सर असलेला चार्जरच घ्यावा, की उन्हाळ्यात व्होल्टेज हाताने कमी केले तरी चालेल? ज्यांनी अशी जोडणी प्रत्यक्ष केली आहे, त्यांनी फ्यूज नेमके कुठे बसवले हेही कृपया सांगावे.